पायाळूचा हात

आबुन्दियोने सकाळपासून कोंबडा हातातून खाली ठेवला नव्हता, आणि त्याचं कारण घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. दोन्ही हात कोंबड्यात गुंतलेले असले की कुणाला आपला हात घेऊन, कपाळाला लावून आशीर्वाद घेता येत नाही. भाची येणार होती. पायरी चढली की ती रीतीप्रमाणे आधी मामाचा हात मागणार, आणि मामाला तो द्यायचा नव्हता.

"मनोंग, त्या मुक्या जिवाला दाणा तरी टाक," त्याची बहीण साल्बिंग म्हणाली; मोठ्या भावाला मनोंग म्हणायची तिथली रीत. "मागणीच्या दिवशी उपाशी मारशील त्याला."

"त्याचं मी बघतो. तू तुझ्या चुलीकडं बघ."

साल्बिंग चुलीकडेच बघत होती. नवरा गेल्यापासून ती या घरात, म्हणजे आईच्या पण आता भावाच्या घरात, चुलीकडेच बघत आली होती. आज आबुन्दियोच्या नातीला, जेसाला, नदीपलीकडच्या गावातून मागणी येणार होती. जेसाचे आईबाप दुबईत. ते मोबाइलच्या पडद्यावर हजर राहणार होते, आणि तो मोबाइल ओसरीत सांतो निन्योच्या मूर्तीला टेकवून आत्तापासूनच चार्जिंगला लावला होता. आबुन्दियोचा हट्ट असा, की सगळं जुन्या रीतीने व्हायचं. मुलाकडच्यांनी डुक्कर आणायचं, ताडी आणायची, सरपण आणि पाणीसुद्धा तिकडूनच आणायचं. खालून त्यांच्या माणसाने पद्यात मागायचं, वरून आमच्या माणसाने पद्यात उत्तर द्यायचं. या सवालजवाबाला त्या बेटावर सिदाय म्हणतात, आणि सिदायमध्ये आबुन्दियोचा हात धरणारा तीन गावांत कुणी नव्हता.

एवढ्या मोठ्या माणसाचं भाचीशी वर्षभर बोलणं नव्हतं. गेल्या वर्षी हर्मीचं पुस्तक आलं तेव्हापासून.

पुस्तकाचं नाव 'पायाळू'. हर्मी स्वतःच पायाळू. साल्बिंगच्या पोटातून ती आधी पाय टाकून आली आणि तिला बाहेर काढणारे हात साल्बिंगच्या आईचे, आजी रेमेदियोसचे. आजी म्हणजे सुईण, हाडं बसवणारी, अंग चोळणारी. जी जी अंगं आजीच्या चटईवर पडली, ती सगळी हर्मीच्या पुस्तकात आली होती. साल्बिंगच्या पोटावरच्या वळांना तिने ओहोटीनंतरची वाळू म्हटलं होतं. ते वाचून साल्बिंग आधी लाजली, मग दार लावून आरशात बघून आली. बाजारात मासळीवाल्यांनी 'दाखव की गं वाळू' म्हणून पिडलं तेव्हा शिव्या देता देता तिलाच हसू फुटलं. वेंगवरही कविता होती. हर्मी शहरात जिच्याबरोबर राहते ती वेंग. त्यांच्या एका खाटेबद्दल, पाठीला पाठ लावून झोपण्याबद्दल हर्मीने सरळ लिहिलं होतं आणि गावाने ते सरळ वाचलं होतं. पाद्री काही बोलला नाही, त्यामुळे बाकीच्यांनाही काही बोलायचं सुचलं नाही.

पण आबुन्दियोवरही एक कविता होती. तरुणपणी तो माडावरून पडला, महिनाभर चटईवर पालथा होता, आणि आईने पाठीला हात लावला की हमसून हमसून रडायचा, हे आजीने हर्मीला सांगितलेलं. हर्मीने ते छापलं. "घरातलं अंग चव्हाट्यावर मांडलं," एवढंच आबुन्दियो म्हणाला, आणि त्याने पुस्तक कपाटावर टाकलं. आता मागणी ठरल्यावर त्याने हुकूम काढला होता, की हर्मी आली तर येऊ दे, जेसाची आत्या आहे. पण ती चुलीमागं बसेल, ओसरीवर नाही.

हे साल्बिंगला फोनवर सांगावं लागलं. हर्मीने सगळं ऐकून घेतलं; आईला ती 'नाय' म्हणायची. मग म्हणाली, "नाय, मी जेसासाठी येते. पण मला आणि वेंगला चुलीमागंच बसवायचं असेल, तर हे शेवटचं. पुढं तूच ये शहरात भेटायला." साल्बिंगने "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि टोपलीभर कांदे चिरायला घेतले, म्हणजे रडायची सोय झाली. गुडघे असे, की शहरापर्यंतच्या बसमध्ये चार तास बसवत नव्हतं. मुलगी आली नाही तर तिचं तोंड दिसणार नाही, हे तिला स्वच्छ कळत होतं.

त्या दोघी सकाळच्या पहिल्या बसने आल्या. हर्मी बारीक, चष्मेवाली, आजीसारख्या लांब बोटांची. पायरी चढून ती मामापुढे वाकली.

"तियो, हात द्या."

"दिसत नाही का, कोंबडा आहे."

"मग कोंबड्याचा पाय लावते कपाळाला," हर्मी म्हणाली, आणि खरंच तिने कोंबड्याचा पिवळा पाय धरून कपाळाला टेकवला. जेसा आतून फिसकन हसली. आबुन्दियोला हसू आलं असावं, कारण तो चटकन पाठ फिरवून खिडकीशी गेला.

वेंग पायरी चढलीच नाही. आखूड केस, गॅरेजमध्ये काम करून राठ झालेले हात. ती खालूनच "आलो, नाय साल्बिंग" म्हणाली आणि घराला वळसा घालून मागे सरपणाकडे गेली. इतक्या वर्षांची तिची ती वाट ठरलेली. पहिल्यांदा आली तेव्हा तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. उभं राहून राहून अवघडली तेव्हा तिने कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. तेव्हापासून आली की लाकडं फोडायची, पंपावरून पाणी भरायचं, मागच्या पायरीवर उभ्याने जेवायचं आणि शेवटच्या बसने जायचं. या घरात वेंगला बस म्हटलेलं अजूनही कुणी ऐकलं नव्हतं. साल्बिंगनेही म्हटलं नव्हतं. घर भावाचं आहे, आपण कोण सांगणार, असं ती मनाशी म्हणायची, आणि वेंगच्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढायची.

चुलीपाशी पासिंग तांदूळ धूत बसली होती. पासिंग ही आबुन्दियो आणि साल्बिंगची धाकटी बहीण, आणि तिचाही हर्मीवर राग होता, पण वेगळाच.

"आली का कवयित्री? ये. मी मनोंगच्या बाजूची आहे, आधीच सांगते."

"का गं तिया? तुझ्यावर तर मी काहीच लिहिलं नाही."

"तेच म्हणते मी!" पासिंगने तांदळाचं पाणी फेकलं. "मनोंगची पाठ आहे, तुझ्या आईचं पोट आहे, शेजारच्या लंगड्याचा पायसुद्धा आहे. माझा गळा कापून एवढी लिंबाएवढी गाठ काढली, तिच्यावर एक ओळ नाही? ही बघ खूण. हिला काय वाळू नाही म्हणता येत?"

"पुढच्या पुस्तकात, तिया."

"दोन पानं पाहिजेत. आणि गाठ नारळाएवढी लिही."

हर्मी हसत आईशेजारी बसली. साल्बिंगने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो काढवेना म्हणून एका हातानेच मिरच्या निवडत राहिली.

नदीवरच्या पुलावर ढोल वाजायला लागला तेव्हा आबुन्दियोला भूक लागली. रिकाम्या पोटी सिदाय म्हणता येत नाही, आवाज पोटातून यावा लागतो, असं त्याचं म्हणणं. कोंबडा खुराड्यात गेला, आणि साल्बिंगने भावापुढे भात आणि भाजलेला बांगुस ठेवला. बांगुस गोड मासा, पण काट्यांचं आगर. एरवी आबुन्दियो तो निवांत, बोटांनी चाचपत खायचा. आज तो खाता खाता ओळी घोळवत होता, बोटाने मांडीवर ताल धरत होता, आणि तिसऱ्याच घासाला त्याचे डोळे विस्फारले.

"काय झालं?" साल्बिंगने विचारलं.

त्याने गळ्याकडे बोट दाखवलं.

मग सुरू झाली धावपळ. पासिंगने भाताचा गोळा त्याच्या तोंडात कोंबला. तो गिळताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, काटा तिथेच. मग केळं. मग ताट गरकन उलटं फिरवलं, कारण तसं केल्याने काटा फिरतो असं पासिंगला पक्कं माहीत होतं. मग जेसाने मांजर आणलं. मांजराच्या पंजाने गळ्यावरून चोळलं की काटा उतरतो, हे तर सगळं बेट जाणतं, पण ते त्या मांजराला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने आबुन्दियोच्या हनुवटीवर तीन रेघा ओढल्या आणि माळ्यावर उडी मारली.

खाली अंगणात ढोल थांबला. साल्बिंगने खिडकीतून पाहिलं. मुलाकडची पंधरा-वीस माणसं उभी होती. बांबूला टांगलेलं भाजकं डुक्कर, ताडीचे बुधले, निळे पाण्याचे कॅन आणि सरपणाच्या मोळ्या. कॅनला आणि मोळ्यांना गुलाबी रिबिनी बांधलेल्या. पुढे पुलोय, डोक्यावर तिरकी टोपी घालून. तिकडचा सिदाय म्हणणारा तो, आणि आबुन्दियोकडून आजवर चारदा हरलेला. शेजारी रेजी, नवरामुलगा, इस्त्रीच्या शर्टात घामाघूम.

पुलोयने घसा खाकरला आणि सुरात म्हटलं,

"दूरवरून आलो आम्ही, दमली आमुची नाव,
तुमच्या दारी फुललं फूल, दरवळला सारा गाव.
खुडू द्या ते फूल आम्हां, ठेवू नका ताटकळत,
भरती सरण्याआधी आम्हां जाऊ द्या हो परत."

वरून उत्तर नाही. पुलोयने टोपी सारखी केली. तीनदा मागून उत्तर आलं नाही, तर पाहुणे अट न मानता पायरी चढतात, अशी त्या गावांची रीत. आणि जेसाची एक अट होती. नर्सिंगचं शेवटचं वर्ष आणि परीक्षा झाल्याशिवाय लग्न नाही. रेजीच्या घरच्यांना मात्र तो जहाजावर जाण्याआधी, डिसेंबरातच बार उडवून टाकायचा होता.

जेसाने आजोबांचा दंड धरून हलवला. "लोलो, बोला ना काहीतरी!"

आबुन्दियोने तोंड उघडलं. दाराची बिजागरी करकरावी तसा आवाज आला, आणि तो कळवळून खाली बसला.

तेव्हा पासिंग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढं सगळं केलं, पण जे करायचं ते कुणी करेना. घरात पायाळू आहे. मनोंग, तुझ्याच हुकमाने चुलीमागं बसलीय."

"तू तर त्याच्या बाजूची होतीस ना?" साल्बिंग म्हणाली.

"त्याच्याच बाजूने बोलतेय. गळा त्याचाच आहे."

पायाळू माणसाने गळ्यावरून हात फिरवला की अडकलेला काटा उतरतो. लहानपणी हर्मीला शाळेतून उचलून न्यायचे लोक, कुठे कुणाच्या घशात काटा अडकला की. आजी तिला शेजारी बसवून शिकवायची. आजीचा एक नियम होता. ज्याचा काटा, त्याने स्वतः बोलवलं पाहिजे. न बोलावता दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, मग तो रडो की मरो.

साल्बिंग चुलीकडे गेली. हर्मी उठून उभीच होती, पण उंबऱ्याच्या आत.

"ये की गं."

"नाय, त्यांनी बोलवलं नाही."

"बोलता येत नाही त्याला!"

"मला माहीत आहे." हर्मीने चौकटीला हात टेकला. "पण आजीने सांगितलंय. आणि खरं सांगू? आजीने नसतं सांगितलं तरी मी नसते आले. वर्षभर वाट बघतेय मी."

साल्बिंगला तिचा राग आला आणि तिचं पटलंही, दोन्ही एकदमच. ती पुन्हा ओसरीवर आली. तिने उभ्या जन्मात मोठ्या भावाला उलट उत्तर दिलं नव्हतं. आता ती त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली.

"मनोंग, ऐक. माझी पोरगी आज शेवटची आलीय या घरात. तू नाही बोलवलंस तर काटा तुझ्या गळ्यात राहील, पण माझ्या गळ्यात जे अडकेल ते काढायला तीन गावांत कुणी नाही."

खालून पुलोयने दुसऱ्यांदा त्याच चार ओळी म्हटल्या, या वेळी जरा हसऱ्या सुरात. आबुन्दियोने बहिणीकडे पाहिलं. मग तो उठला, भिंतीला धरत चुलीपर्यंत गेला, आणि उंबऱ्याशी उभ्या भाचीचा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो हात त्याने आपल्या गळ्यावर नेऊन ठेवला.

हर्मीने एकदा डोळे मिटले. मग तिने खोबरेल अंगठ्याला लावलं आणि हनुवटीखालून गळ्याच्या खोबणीपर्यंत हळूहळू ओढत नेलं. पुन्हा एकदा. आबुन्दियोची मान तिच्या हातात सैल पडली. साल्बिंगला वाटलं, आईच बसली आहे. तीच बोटं, दाबताना खालचा ओठ तसाच आत ओढलेला. तिसऱ्यांदा अंगठा खाली आला, हर्मीने मामाच्या टाळूवर फुंकर घातली, आणि आबुन्दियोने मोठ्याने आवंढा गिळला.

"गेला?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"गेला," आबुन्दियो म्हणाला. पण तो आवाज आबुन्दियोचा नव्हता, चिखलातल्या बेडकाचा होता. काटा जाता जाता गळा सोलून गेला होता. त्याने पुन्हा प्रयत्न केला, आणि बेडूकही बसला.

"आता हो?" जेसा रडकुंडीला आली. "तिसऱ्यांदा मागतील आता!"

आबुन्दियोने हर्मीच्या दंडाला धरून तिला खिडकीकडे ढकललं.

"मी?" हर्मी म्हणाली. "तियो, मी कागदावर लिहिते. सिदाय नाही म्हटलं कधी. आणि मला फुलं-नावा येत नाहीत. मी बोलले तर अंगाचंच बोलेन. हाडामांसाचं. तुम्हाला चालत नाही ते."

"बोल," आबुन्दियो घोगऱ्या आवाजात म्हणाला. मग जरा थांबून, "जोरात बोल."

हर्मी खिडकीत गेली. तिला पाहून पुलोयने भुवया उडवल्या, आणि खालच्या बायकांत कुजबुज झाली. हर्मीने खिडकीच्या कडेवर ताल धरला; मामासारखाच, एका बोटाने.

"फूल म्हणता, वास घेता, खुडून नेता घरी,
फुलाला का गुडघे असती? हिला आहेत तरी!
पडली, फुटले, बांधले आम्ही, हळद लावली वर,
व्रण तिचे ओळखा आधी, मग चढा पायरीवर."

अंगणातल्या सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. मग कुणीतरी म्हातारी मागून ओरडली, "अगदी खरं! माझ्या वेळी कुणी विचारलं नाही!" आणि हशा पिकला. पुलोय चपापला. तो आयुष्यभर फुलं आणि नावा घेऊन फिरला होता. गुडघ्यांना काय उत्तर द्यायचं हे त्याच्या गुरूने शिकवलं नव्हतं. तरी तो जुना गडी. त्याने रेजीच्या कानात काहीतरी विचारलं आणि छाती पुढे काढली.

"डाव्या गुडघ्यावरती व्रण, सायकलवरून पडली,
मुलास आमच्या ठाऊक आहे, त्यानेच होती धरली.
जहाज निघतं डिसेंबरात, वेळ नाही हातात,
रिकाम्या हाती धाडू कसा? द्या हो हातात हात."

"उत्तर चांगलं दिलं रे चोराने," पासिंग पुटपुटली. "आणि सायकलवर काय करत होती गं ही त्याच्याबरोबर?" जेसा मोबाइलच्या मागे लपली. मोबाइलमधून दुबईचा आवाज आला, "कुठली सायकल?"

हर्मीने वळून जेसाकडे पाहिलं. जेसाचे हात एकमेकांत घट्ट गुंतले होते. हर्मी पुन्हा खिडकीकडे वळली, आणि आता तिने ताल सोडून दिला, सावकाश म्हटलं.

"हात देऊ, पण हात तिचा शिकतो आहे काम,
नाडी बघाया, ताप उतरवाया, पुसाया कुणाचा घाम.
अर्धाच शिकला हात नेऊन कराल काय तरी?
पुरता होऊ द्या, मग घेऊन जा दोन्ही हातांनी घरी."

पुलोयने उत्तरासाठी तोंड उघडलं, पण त्याच्या आधी रेजी ओरडला, "थांबतो मी! परीक्षा होईपर्यंत थांबतो!"

नवऱ्यामुलाने मागणीत तोंड उघडायचं नसतं. पुलोयने टोपी काढून ती त्याच्या डोक्यात हाणली, दोनदा. पण शब्द गेला तो गेला. वर बायकांनी टाळ्या पिटल्या, ढोलवाला आपण कुणाचे हे विसरून वाजवायला लागला, आणि आबुन्दियो भिंतीला टेकून, आवाज न काढता, खांदे हलवत हसत होता. साल्बिंगने भावाला असं हसताना आईच्या मरणानंतर पाहिलं नव्हतं.

पाहुणे वर आले. पण जुनी रीत म्हणजे जुनी रीत. भात मुलाकडच्या सरपणावर शिजला पाहिजे. साल्बिंगने गुलाबी रिबीन सोडून मोळी चुलीत घातली. लाकडं होती खारफुटीची, कालच तोडलेली, हिरवीगार. धुराचा असा लोट उठला की ओसरीतल्या वीस माणसांचे डोळे गळायला लागले. दुबईहून विचारणा झाली, की सगळे रडताहेत का. शेवटी साल्बिंगने ती लाकडं गुपचूप बाहेर ओढली आणि वेंगने फोडलेली घातली. सुकी, सारख्या मापाची, मागच्या खेपेपासून पडवीत रचून ठेवलेली. जाळ धडधडून लागला. रिबिनीचे कॅन पोरांनी सरबतात संपवले होते, तेव्हा भाताला पाणीही पंपावरचंच लागलं.

डुक्कर कापलं गेलं, ताडी फिरली, आणि हर्मीला पुलोयने स्वतःशेजारी बसवून घेतलं, गुडघ्यांचा तोडगा शिकायला. आबुन्दियो पेज घेऊन बसला होता, कारण दुसरं काही गिळवत नव्हतं. साल्बिंग त्याला वाढायला वाकली.

"त्यांचं लाकूड पेटलं नाही ना?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"धूर थांबला. मग हे कुणाचं?"

"वेंगचं."

"पाणी?"

"तिनेच आणलं. मनोंग, तुला डोळे आहेत की. इतकी वर्षं तीच आणतेय."

"आहेत डोळे," आबुन्दियो म्हणाला, आणि त्याने हर्मीला खुणेने बोलावलं. ती आली. त्याने कपाटावर बोट दाखवलं. पासिंगने हात उंच करून पुस्तक काढलं. त्याच्यावर धूळ नव्हती, आणि पानांचे कोपरे दुमडलेले होते.

"वाचलंत तुम्ही?" हर्मीने विचारलं.

"चारदा." प्रत्येक शब्दाला तो थांबत होता. "माड सोळा हातांचा लिहिलास. तीस हातांचा होता. सोळा हातांवरून पडून कुणी रडतं का? गावाला काय वाटलं असेल!"

हर्मी बघतच राहिली. "तियो, एवढ्यासाठी वर्षभर…?"

"रडलो ते रडलो. आई पण रडायची चोळताना, ते नाही लिहिलंस तू. तिने तुला सांगितलं नसेल." त्याने पेजेचा घोट घेतला आणि पानं उलटून एका जागी बोट ठेवलं. "आणि ही. सगळ्यांची नावं घातलीस. लंगड्याचंसुद्धा. इथे नुसतं 'ती'. का? लाज वाटली?"

हर्मीचा चेहरा लाल झाला. "मला नाही वाटली. तिच्या नावाला या घरात जागा नव्हती, तियो. इतकी वर्षं येतेय, तुम्ही एकदा तरी विचारलंत तिला, तुझं नाव काय म्हणून?"

जवळचे चारपाच जण वळून बघायला लागले. आबुन्दियोने पेजेची वाटी खाली ठेवली. तो उठला, मागच्या दाराशी गेला. वेंग मागच्या पायरीवर उभी राहून, ताट हातात घेऊन जेवत होती. ती दचकून दोन पायऱ्या खाली उतरली.

"पूर्ण नाव काय तुझं?"

"रोवेना. रोवेना पान्सोय."

"रोवेना, माझा बाप माझ्या आईच्या दारी दोन वर्षं लाकडं फोडत होता. पाणी भरत होता. तेव्हा कुठे त्याला पायरी चढू दिली. अशा चाकरीला आम्ही पांगागाद म्हणतो. ठाऊक आहे?"

"नाही, तियो. मला वाटलं, नुसतं उभं राहण्यापेक्षा बरं."

"तुझी दोन वर्षं कधीच भरली." त्याचा गळा पुन्हा बसत चालला होता. "मागून नको. पुढच्या पायरीनं ये. रीतीनं. लाकूड घे, पाणी घे."

वेंगने हर्मीकडे पाहिलं, मग साल्बिंगकडे. मग तिने ताट खाली ठेवलं, मोळी खांद्यावर टाकली, पंपावरचा डबा उचलला आणि घराला वळसा घालायला लागली. ओसरीत बातमी तिच्याआधी पोचली. सगळे पुढच्या दाराशी गोळा झाले. वेंग अंगणात येऊन उभी राहिली, दोन्ही हात अडकलेले, कपाळावर घाम.

"मला कविता येत नाही," ती म्हणाली.

"मला येते!" पुलोय ताडीचा पेला ठेवून पायऱ्या उतरत गेला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "आज एकदा हरलोय, दुसऱ्यांदा हरणार नाही. ऐका!

डुक्कर नाही, रिबीन नाही, नाही वाजंत्री,
मागल्या दारी राबत आली इतकी वर्षं तरी.
लाकूड सुकं, पाणी गोडं, हात आहेत राठ,
पुढलं दार उघडा आता, सोडा मागली वाट."

टाळ्या पडल्या. मग सगळे उत्तराची वाट बघायला लागले. आबुन्दियोने तोंड उघडलं, पण हवेशिवाय काही आलं नाही. हर्मीला उत्तर देता येत नव्हतं. जिला मागणी, तिने बोलायचं नसतं, आणि तसंही ती चष्मा काढून डोळे पुसत होती. आबुन्दियोने बहिणीला पुढे केलं.

"मी?" साल्बिंग म्हणाली. तिने जन्मात एक ओळ जुळवली नव्हती. तिने खाली पाहिलं. वेंग तिसऱ्या पायरीपर्यंत आली होती आणि तिथे थांबली होती. डब्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडत होतं. साल्बिंगला माशाचे ते सगळे मोठे तुकडे आठवले, जे तिने एका शब्दाऐवजी वाढले होते. तिला लाज वाटली, आणि फार आनंदही झाला.

ती आत गेली, जेवणाच्या टेबलाशी असलेला बाक तिने स्वतः ओढत आणला, दाराच्या बरोबर मध्ये ठेवला आणि हातानेच पुसला.

"बस," ती म्हणाली. "ये वर. बस इथं, बाळा."

"हे काय उत्तर झालं?" पुलोय खालून म्हणाला. "यमक कुठाय?"

"गप्प बस रे!" पासिंग ओरडली.

वेंग उरलेल्या पायऱ्या चढली आणि बाकावर बसली. मोळी खाली ठेवायचं तिला सुचलंच नाही.